तंबूतला सिनेमा आणि पारावरचा निकाल

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याकडच्या गावांत एक प्रश्न हमखास कानी पडायचा, "रातचा शिनिमा कसा होता?" पिठाच्या गिरणीपाशी, न्हाव्याच्या दुकानात, एस.टी.ची वाट पाहत उभ्या असलेल्या मंडळींत हा प्रश्न निघाला की तासभराची निश्चिंती. ज्याने पाहिला तो सांगे, आणि ज्याने पाहिला नाही तो त्याहून अधिक सांगे. कुणाला गाणी आवडलेली असत, कुणाला शेवट पटलेला नसे. एखादे म्हातारबुवा मध्येच म्हणत, "तुम्ही प्रभातचा तुकाराम पाहिला नाही, मग तुम्ही पाहिलं काय?" की सगळे गप्प.

चित्रपटाचा इतिहास म्हटला की आपण काढणारांची नावे घेतो. फाळके, बाबूराव पेंटर, शांताराम. ते योग्यच आहे. पण ज्यांच्यासाठी चित्रपट काढले त्यांनी ते पाहून काय म्हटले, याचाही एक इतिहास आहे. तो लिहिलेला थोडा आणि बोललेला फार. आज त्या बोललेल्या इतिहासाविषयी तुमच्याशी चार शब्द बोलावेत असा विचार आहे. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे साल-तारीख मधून मधून येईल. तेवढे सांभाळून घ्या.

आधी गावाचा खुलासा करतो. सुपे नावाची दोन गावे इतिहासात एकमेकांत मिसळतात. शहाजीराजांच्या जहागिरीतल्या 'पुणे-सुपे' या जोडीतले सुपे ते बारामतीकडचे. १८७५ च्या मे महिन्यात सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांनी जो दंगा केला, त्याची पहिली ठिणगी त्याच सुप्यात पडली. आपला सुपा नगर-पुणे रस्त्यावरचा, पारनेर तालुक्यातला. मात्र त्या दंग्याची झळ नगर जिल्ह्यात आली, पारनेर तालुक्यातही पोचली. सावकाराच्या घरातली कर्जखते बाहेर काढायची आणि जाळायची, हा त्या उठावाचा मुख्य रोख होता. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता सिनेमाकडे वळू. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पहिल्यांदा दाखवली गेली. पुढे सतरा वर्षांनी, ३ मे १९१३ रोजी, त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. चित्रपटात काम करायला बाई मिळेना, म्हणून तारामतीही पुरुषानेच केली. त्या साळुंके नावाच्या नटाने १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. पडद्यावर राम दिसला की बसलेली माणसे हात जोडीत, असे त्या खेळांविषयी सांगतात.

हा नमस्कार म्हणजे प्रेक्षकाचा पहिला अभिप्राय. शहाण्या माणसाला त्याचे हसू येईल. पण जरा थांबा. राम पडद्यावरचा आहे, कापडावर पडलेला उजेड आहे, हे त्या माणसाला कळत नव्हते असे थोडेच आहे? देवळातली मूर्ती दगडाची आहे हेही त्याला ठाऊकच होते. दगडाला हात जोडणाऱ्याने उजेडाला जोडले, इतकेच. "तू दाखवलास तो राम आम्हाला मान्य आहे," हा त्या नमस्काराचा अर्थ. न पटता तर त्याने हात जोडले नसते.

दुसरी गोष्ट अशी की मूकपटात पडदा मुका होता, प्रेक्षक मुका नव्हता. मधून मधून पाट्या येत. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची, शेजारचे ऐकत, आणि ऐकता ऐकता त्यावर बोलत. म्हणजे सिनेमावर बोलणे ही सिनेमा संपल्यानंतरची गोष्ट मुळीच नव्हती. बोलल्यावाचून सिनेमा पुढेच सरकत नसे.

१९२५ साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून देशोधडीला लागणाऱ्या शेतकऱ्याची ती गोष्ट, आणि तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केलेले. देवादिकांच्या चित्रपटांचे दिवस होते ते. जाणकारांनी हा चित्रपट वाखाणला, पण पौराणिक खेळांना होई तशी गर्दी त्याला झाली नाही. यावर अभ्यासक म्हणतात की लोकांना वास्तव नको होते, चमत्कार हवे होते. मला हे पुरते पटत नाही. चित्रपटगृहे होती शहरांत. ज्या तालुक्यांतून पन्नास वर्षांपूर्वी कर्जखतांच्या होळ्या झाल्या, तिथला शेतकरी तिकीट काढून मुंबई-पुण्याच्या खुर्चीवर बसणार कसा? ज्याची गोष्ट होती तो खेळाला हजरच नव्हता. मग त्याचे मत 'नकार' म्हणून मांडायचे कशाच्या आधारावर?

हीच चूक सरकारनेही केली. १९२७ साली सरकारने चित्रपटांच्या चौकशीसाठी दिवाणबहादूर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. समिती देशभर हिंडली, ३५३ साक्षीदार तपासले, १९२८ मध्ये अहवाल दिला. गांधीजींनाही प्रश्नावली गेली होती. आपण सिनेमाला कधी गेलेलोच नाही, पण बाहेरून पाहणाऱ्यालाही त्याचे दुष्परिणाम दिसतात, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी पाठवले. हा अहवाल आजही अभ्यासकाला मोलाचा आहे. पण साक्षीदारांत अधिकारी, धंदेवाले, संपादक, शिक्षक, वकील अशा शिकलेल्या मंडळींचाच भरणा होता. अडाणी प्रेक्षकांवर सिनेमाचा काय परिणाम होतो, हा प्रश्न पुष्कळांना विचारला गेला. तो जमिनीवर बसून पाहणाऱ्या त्या प्रेक्षकालाच विचारायचे मात्र बहुधा राहून गेले.

मग बोलपट आला. १९३१ मध्ये 'आलम आरा', १९३२ मध्ये प्रभातचा मराठी 'अयोध्येचा राजा'. भाषा आपली झाली आणि खेड्यातला माणूस सिनेमाच्या जवळ आला. १९३६ चा 'संत तुकाराम' मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. हे पुस्तकात सापडते. पुस्तकात न सापडणारी गोष्ट मी घरात ऐकली. आमच्या आजीने तो चित्रपट पुढे कितीतरी वर्षांनी एका जत्रेत पाहिला होता. विष्णुपंत पागनिसांच्या तुकोबाला तिने हात जोडलेच, पण घरी आल्यावर ती म्हणे, "तुकोबा मोठे, त्यांच्याबद्दल बोलायचं नाही. पण आवलीचं तरी काय खोटं होतं? पोरांना उपाशी निजवून अभंग ऐकायचे का?" पुढे कॉलेजात गेल्यावर त्या चित्रपटावरचे मोठमोठे लेख मी वाचले. त्यांत गौरीबाईंनी केलेल्या त्या करारी बायकोची थोरवी सांगितलेली आढळली. लेखकांना जे चार पानांत सांगावे लागले ते आजीने भाकरी थापता थापता सांगून टाकले होते.

नगरच्या मंडळींना आणखी एक नाव आठवत असेल, शाहू मोडक. नगरच्या ख्रिस्ती घरात १९१८ साली जन्मलेल्या या मुलाने प्रभातच्या 'माणूस'मध्ये १९३९ साली गणपत हवालदार उभा केला आणि पुढच्याच वर्षी 'संत ज्ञानेश्वर'मध्ये माउली उभी केली. कृष्णाच्या भूमिका तर त्याने किती केल्या! लोकांनी त्याची ज्ञानेश्वरी पारखली, जन्मदाखला नाही. लोकमत इतके उदार असू शकते, हेही या इतिहासात लिहून ठेवले पाहिजे.

खेड्यापाड्यांत सिनेमा खरा पोचला तो तंबूतून. ज्यांनी तो पाहिला नाही त्या मुलांसाठी सांगतो. एका ट्रकमध्ये तंबू, पडदा, यंत्र, जनरेटर आणि डब्यांतली रिळे. दुपारी कर्णा लावलेली गाडी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून ओरडत जायची. अंधार पडला की खेळ सुरू. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. बसायला आपापले पोते नाहीतर घोंगडे. यंत्र बहुधा एकच असायचे, त्यामुळे रीळ बदलताना पडदा काळा व्हायचा. त्या दोन-चार मिनिटांत अख्खा तंबू बोलू लागे. पुढे काय होणार याच्या पैजा लागत, खलनायकाला शिव्या बसत, झोपलेल्या पोराला उठवून झाले तेवढे सांगितले जाई.

आणि धंद्याची चावी याच बोलण्यात होती. जत्रेत तीन-चार तंबू शेजारी शेजारी असत. पहिल्या रात्रीची गर्दी कर्ण्याने गोळा होई. दुसऱ्या रात्रीची गर्दी सकाळच्या गप्पांवर ठरे. "पैसे वसूल" असा शब्द गावात फिरला की तंबूवाल्याचे भाग्य उजळले. "काय राव, नुसतं रडगाणं" असे म्हटले गेले की त्याने रिळांचा डबा बदललाच पाहिजे. शहरातल्या थिएटरांचेही मर्म हेच होते. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. नुसत्या जाहिरातीच्या बळावर अडीच वर्षे कोण लोटणार? एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला. १९७१ च्या 'सोंगाड्या'पासून दादा कोंडक्यांच्या चित्रपटांचेही तेच. सभ्य घरांत नाक मुरडले गेले, पण ज्याच्या बोलीत ते विनोद होते तो हसला, पुन्हा गेला, आणि जाताना मेव्हण्याला घेऊन गेला.

आता एक घरगुती आठवण सांगतो. १९९१ साली 'माहेरची साडी' आला. मी तेव्हा शाळकरी पोर. पुढच्या एका जत्रेत आमच्या घरातल्या सगळ्या बायका तो पाहायला गेल्या, बरोबर मीही. तंबूत बायकांच्या बाजूने जो हुंदक्यांचा आवाज सुरू झाला तो खेळ संपेपर्यंत थांबला नाही. दुसऱ्या दिवशी ओट्यावर पुरुषमंडळींनी यथेच्छ थट्टा केली. "पदर पिळून काढले का गं?" वगैरे. माझी आत्या माहेरी आली होती. ती एरवी मोठ्यांपुढे शब्द काढत नसे. ती चहाचे कप उचलता उचलता एवढेच म्हणाली, "तुम्हाला ती गोष्ट वाटली. आम्हाला ती वाटली नाही." आणि आत निघून गेली. ओटा एकदम शांत झाला. सासरी तिचे काय चालले होते हे आजोबांनी त्या दिवशी पहिल्यांदा विचारले.

चित्रपट म्हणून 'माहेरची साडी' कसा आहे, हा वेगळा प्रश्न. समीक्षकांनी त्याला नावे ठेवली ती सगळीच चूक नव्हती. पण जे आत्याला बारा वर्षांत सांगता आले नव्हते ते सिनेमाच्या निमित्ताने एका वाक्यात बोलता आले. पाहिलेल्या चित्रपटावर आपले मत सांगण्याचे मोल मला त्या दिवशी कळले. माणूस पडद्यावरच्या सुनेविषयी बोलतो आणि बोलता बोलता स्वतःविषयी बोलून जातो.

आकाशवाणीच्या पुस्तिकेत हे लिहिताना १९५६ सालच्या एका प्रयोगाची आठवण होते. त्या वर्षी पुणे परिसरातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, रेडिओ शेतकरी मंडळे काढली गेली. नगर जिल्हा त्यात होता. पद्धत साधी होती. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग रेडिओ बंद करून त्यावर बोलायचे, आणि शंका व मते केंद्राकडे पाठवायची. ऐकून घरी निघून जाणे आणि ऐकून त्यावर बोलणे यांत किती अंतर आहे, हे त्या प्रयोगाने दाखवले. मंडळात बसणाऱ्यांचे ज्ञान वाढलेले आढळले. सिनेमाच्या बाबतीत आपल्या पारांवर हेच चालले होते; फक्त त्याला कुणी प्रयोग म्हटले नाही.

इथपर्यंत मी पाराची स्तुती केली. आता त्याचा दोषही सांगितला पाहिजे, नाहीतर हा इतिहास लबाड होईल. पारावर सगळे बोलत नसत. बायका बोलत त्या विहिरीवर, आपसांत. आणि गावकुसाबाहेरचा माणूस पाराच्या कडेला उभा राहून ऐके. तंबूत तो एका तिकिटाच्या जोरावर सर्वांच्या बरोबरीने जमिनीवर बसला असेल. सकाळी पारावर मात्र त्याचे मत कुणी विचारले नाही.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत आला. त्यातले गाव आहे आकोळनेर, आपल्याच नगर तालुक्यातले, सुप्यापासून फार लांब नाही. कैकाडी कुटुंबातला जब्या नावाचा शाळकरी मुलगा, डुकरे पकडायचे वाट्याला आलेले काम, आणि ते पाहायला जमलेले सगळे गाव. गाव हसते आहे, मजा बघते आहे. म्हणजे त्या प्रसंगात गाव स्वतःच प्रेक्षक झाले आहे! आणि शेवटी जब्या दगड उचलून भिरकावतो तो थेट पडद्यातून आपल्या अंगावर येतो.

तो चित्रपट आल्यावर मी वर्गात मुलांना विचारले, "दगड कुणाला लागला?" पुढच्या बाकांवरून चटकन उत्तरे आली. व्यवस्थेला, समाजाला, जातीयतेला. सगळी पुस्तकी. मागच्या बाकावरचा एक मुलगा कधीच बोलत नसे. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मला नाही लागला. मी त्याच्या मागं उभा होतो." वर्गात क्षणभर कुणी हलले नाही. वीस वर्षांच्या शिकवण्यात एवढे नेमके रसग्रहण मी दुसरे ऐकलेले नाही. पण खरे सांगायचे तर मला आनंदापेक्षा ओशाळेपणा अधिक वाटला. दोन वर्षे तो माझ्या वर्गात होता आणि त्याचे मत मी त्याआधी कधी विचारले नव्हते.

२०१६ मध्ये 'सैराट' आला. गाण्यांवर पोरे थिएटरात नाचली, आणि शेवट पाहून तीच पोरे मुकाट बाहेर पडली. त्यानंतर गावागावांत बोलणे झाले, वादही झाले. "पोरगीनं असं वागावं का?" असे विचारणारे होते, "भावानं तसं करावं का?" असे विचारणारेही होते. मराठी चित्रपटाने शंभर कोटींचा पल्ला प्रथमच गाठला, याचे कौतुक वर्तमानपत्रांनी केले. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ही की ज्या विषयावर घरात आवाज चढतात किंवा दारे बंद होतात, त्या विषयावर एका चित्रपटामुळे का होईना, मुलगा आणि बाप एकाच वाक्यात बोलले.

तंबू आता विरळ झाले. 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा महाराष्ट्रातल्या फिरत्या सिनेमावरचा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, त्याला तिथे विशेष उल्लेखाचा मान मिळाला. रिळांचे यंत्र जाऊन संगणकाचे यंत्र येते तेव्हा तंबूवाल्याच्या पोटाचे काय होते, ते त्यात दिसते. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळी संपवून आलेला तरुण खाटेवर पडल्या पडल्या एकटाच चित्रपट पाहतो. पाहतो पुष्कळ, आवडला तर अंगठा दाखवतो, आणि झोपतो. मी त्याला दोष देत नाही. दिवसभर उभे राहून काम केलेले असते. पण अंगठ्याने मत कळते, कारण कळत नाही. आत्याचे वाक्य अंगठ्यात मावले नसते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. महिन्यातून एक दिवस मुलांना एखादा चांगला चित्रपट सगळ्यांनी मिळून दाखवा, आणि मग एक तास नुसते बोलू द्या. 'तात्पर्य लिहा' असे सांगू नका. कोण पटले, कोण पटले नाही, आणि का, एवढेच विचारा. दोन मुलांची मते वेगळी पडली तर घाई करून निकाल देऊ नका. आणि सुरुवात मागच्या बाकापासून करा. घरच्या वडीलधाऱ्यांनाही हेच सांगतो. सिनेमा पाहून झाल्यावर भांडी आवरायला उठलेल्या बाईला क्षणभर थांबवा आणि विचारा, "तुला कसा वाटला?" उत्तर कदाचित सिनेमाविषयीचे नसेल. तरी ऐकून घ्या.